मोर दोन्हीकडून

टॉवेलच्या गोदामावर पत्र्याची खोली.
ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर घेऊन मी भाऊंची भाषणं लिहितो.
वहीच्या एका पानावर: आपले.
समोरच्या पानावर: कुंपणावरचे.

आपले म्हणजे विडी घरकुल,
अशोक चौकामागच्या गल्ल्या,
जिथं बापानं मारलेला शिक्का
पोरगा पुसत नाही.
कुंपणावरचे म्हणजे जुळे सोलापूर,
तिसरा मजला, जाळीचं दार,
दाराआडून, "पत्रक ठेवून जा."

आपले बासष्ट हजार. लागतात नव्वद.
मधले अठ्ठावीस हजार
मला झोपेत जिने चढायला लावतात.

म्हणून भाऊंना मी दोन तोंडं शिवून दिली.
घरकुलात: हजार विड्यांमागचा दर वाढल्याशिवाय
कारखान्याचं दार उघडू देणार नाही!
जुळे सोलापुरात: उद्योग आणि कामगार,
दोघांच्याही हिताचा समतोल, संवादातून मार्ग.
खोटं एकही वाक्य नव्हतं.
फक्त बाजारात समोरासमोर आली असती
तर एकमेकांना ओळख दिली नसती त्यांनी.

चार दिवसांआड येणारं पाणी मात्र
दोन्ही भाषणांत तेच ठेवलं होतं.

माझे वडील जेकार्डवर होते.
चादर उलटी करून विचारायचे,
इकडं पांढऱ्यावर लाल मोर,
तिकडं लालवर पांढरा,
"सांग, सुलटी कुठली?"
हे मी भाऊंना सांगितलं तेव्हा
त्यांनी मांडीवर थाप मारली. "बस्स! हेच करायचं."
वडिलांचं पुढचं वाक्य
मी त्यांना सांगितलं नाही.

मग मंगळवारी मौला नदाफच्या रिक्षात
पेनड्राइव्हची अदलाबदल झाली.

घरकुलात दीड तास समतोल वाजत होता.
नरसम्मा बोल्लीच्या मांडीवर सूप,
पानं कापणारी कात्री मध्येच थांबली.
"भाऊला बरं नाही का?
आवाज त्याचाच आहे, बोलणं जावयाचं."
गल्लीच्या तोंडाशी एक पोरगा,
"काय बोलूलालाय बे तुमचा भाऊ?"

आणि तिकडे जुळे सोलापुरात
कारखान्याचं दार बंद करण्याची गर्जना
बाल्कनीतल्या तुळशीपर्यंत पोचली.
मी फोनची वाट बघत बसलो, शिव्या खायला.
फोन आला उपळेकर सरांचा:
"पटलं नाही मला. अजिबात नाही.
पण पहिल्यांदाच काहीतरी बोलले तुमचे भाऊ."
मत देणार का, सर?
"बघू."

रात्री अंबादास चिलवेरी आले.
तीस वर्षं बूथवर, स्वतःच्या डब्यातली
कडक भाकरी नि शेंगाचटणी खाऊन.
रबर लावलेले चिठ्ठ्यांचे गठ्ठे
त्यांनी टेबलावर ठेवले, नीट, एकावर एक.
"या तूच वाट.
कुठलं तोंड घेऊन जायचं, मला समजेना."
चिडले असते तर मी उत्तर दिलं असतं.
ते जिना उतरताना कठड्याला धरत होते.

वडिलांचं पुढचं वाक्य असं होतं:
"रंग उलटतो, पोरा. मोर उलटत नाही.
इकडं मोर नि तिकडं कोंबडा,
असली चादर अजून कुणी विणली नाही."

पहाटेपर्यंत तिसरं पान खोडत बसलो.
दर वाढलाच पाहिजे.
कारखाना बंद पडला तर दर काय चाटायचा,
म्हणून मालकाचा हिशेबही उघड्यावर मागू.
पण आधी दर.
हे घरकुलात वाचून पाहिलं मनातल्या मनात.
मग जाळीच्या दारासमोर.
तिथं आवाज जरा खाली आला.
तेवढं चालेल, वाटलं.
भाऊंना चालेल का, माहीत नाही. ते अजून झोपलेत.

मौला खाली हॉर्न देतोय. आज पेनड्राइव्ह एकच.
निघण्याआधी वही उघडून
'आपले' खालचा बासष्ट हजार खोडला
आणि तोच आकडा पुन्हा लिहिला,
या वेळी पेन्सिलनं.